झोळ्यांची शाळा

प्रिय कांता,

हे पत्र तुझे वडील घेऊन येतील. त्यांना मी सांगितलं आहे की यात अभ्यास आहे. त्यांना वाचता येत नाही, तुझ्या मामाच्या घरी कुणालाच येत नाही, तेव्हा हे तुझ्याखेरीज दुसरं कुणी वाचणार नाही. एका जागी बसून सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर सोडून पुढं जा, पण शेवटापर्यंत वाच.

पुंजाराम काल माझ्याकडे आले होते. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. तीर्थपुरीला मामाकडे गेल्यापासून तू बोलत नाहीस, असं म्हणाले. "नुस्ती बसून राह्यली बाई. भाकर बी मोडून हातात द्यावी लागती." मग टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, मामा सोयरीक बघून राह्यले. मी म्हटलं, बारा वर्षांची पोर आहे. ते म्हणाले, "मंग काय करू? इथं आणली तर लोक तोंडावर थुकतील. तिथं कुणाला काही म्हाईत न्हाई, तवर उजवून टाकतो." ते रागानं बोलत नव्हते. एखादं भांडं तडकलंय, ते फुटायच्या आत कुणाला तरी देऊन टाकावं, तसं बोलत होते.

तू गप्प का आहेस ते मला माहीत आहे. जे झालं ते आपल्यामुळं झालं असं तुला वाटतं. तुला जे दिसलं त्यावरून तसंच वाटणार. पण मोठ्या माणसांनी आधी काय काय केलं, ते तुम्हा मुलींना कुणी सांगितलं नाही. मी ते ओळीनं सांगते. काही गोष्टी तुला माहीत आहेत. त्याही पुन्हा सांगते, कारण त्या तुझ्या डोक्यात आता ओळीनं नसतील.

दुष्काळाच्या वर्षी तू पहिल्यांदा कन्याशाळेच्या दारात उभी राहिलीस. आठ वर्षांची होतीस आणि कडेवर संपत होता, तुझा भाऊ, नुकता मान धरू लागलेला. तुझी आई खडी फोडायच्या कामावर गेली होती. तू आत आली नाहीस. मी फळ्यावर लिहीत होते ते भिंतीला टेकून बघत राहिलीस. तीन-चार दिवस मी तुला बघितलं आणि मग म्हटलं, आत ये. तू म्हणालीस, "लेकरू हाये संगं." मी म्हटलं, त्यालाही आण. एवढंच झालं. शाळेत काही नवीन सुरू करायचं असं माझ्या मनात नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी इंद्रायणी तिच्या बहिणीला घेऊन आली आणि आठवड्याभरात खोलीत पोरींपेक्षा रडणारी तोंडं जास्त झाली. मग मी केदारखेड्याच्या बाजारातून लोखंडी कड्या आणून तुळईत ठोकून घेतल्या. आयांनी जुनी लुगडी दिली. झोळ्या झाल्या.

सुरुवातीला कुणाचं लेकरू कुठल्या झोळीत हे ठरलेलं असे. इंद्रायणीची आई, म्हस्कूची आसराबाई, स्वतः येऊन बघून गेली की तिची धाकटी लेक तुझ्या-माझ्या वस्तीतल्या पोरांपासून लांब टांगलीय की नाही. महिन्याभरानं ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. जी झोळी रिकामी असेल तीत लेकरू जाई आणि जी मुलगी जवळ असेल ती झोका देई. झोळीच्या दोरीचं टोक तुम्ही पायाच्या अंगठ्याला बांधत होता. हात पाटीवर आणि पाय हलतोय. मी फळ्याकडून वळून बघायची तेव्हा सगळ्या वर्गाचे पाय एका चालीत हलत असायचे. मी किती शाळा बघितल्या, असं कुठं बघितलं नाही.

गावानं हसायचं ते हसून घेतलं. सरपंच सर्जेराव मला भर रस्त्यात म्हणाले, "बाई, तुमच्याकडं आधी पाढे पाठ होतेत का अंगाई?" लोक तिला झोळ्यांची शाळा म्हणायला लागले. मला त्याचं काही वाटलं नाही. मुली येत होत्या. संपत चालायला लागला, तुझी कड मोकळी झाली, तरी दुसऱ्यांच्या झोळ्या तूच बांधायचीस, कारण तुझी गाठ सरकत नसे. यंदा इंद्रायणीचा भाऊ धर्मराज आला. ती म्हणाली होती, "बाई, आमचा धर्मा आई म्हणायच्या आधी बे एके बे म्हणतो का न्हाई बघा." तू त्यावर इतकी हसलीस की मी तुला उभं केलं होतं.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

उन्हाळ्यात पंचायत समितीचे साहेब आले. चावडीत बैठक झाली. त्यांनी सांगितलं की गावात मुलांची एक शाळा आणि मुलींची एक, दोन्हींत पोरं थोडी, दोन्हीकडे वेगळे मुख्याध्यापक. हे चालणार नाही. दोन्ही शाळा एक करायच्या, मुख्याध्यापक एकच. पोरं एकत्र झाली की पाचवीचा वर्गही मिळेल. पाचवी म्हटल्यावर मला आनंद झाला. चौथीनंतर मुलींना परगावी कुणी पाठवत नाही. पाचवी गावात आली तर तू शिकशील, हे माझ्या मनात त्या क्षणी आलं. साहेब म्हणाले, नियमाप्रमाणं ज्याची नोकरी जुनी तो मुख्याध्यापक. मुलांच्या शाळेतल्या राधाकिसन गुरुजींपेक्षा माझी नोकरी जुनी आहे.

मग सर्जेराव बोलले. फार सभ्यपणे बोलले. "बाईबद्दल आपली बिलकुल तक्रार न्हाई. पण दोन दोन पुरुष मास्तर बाईच्या हाताखाली, हे काही बराबर दिसत न्हाई साहेब." मागून कुणीतरी म्हणालं, "आन बाई कोण्या घरच्या हायेत ते बी बघा." त्याला दोघांनी गप्प केलं, पण खोटं बोलला म्हणून नाही; साहेबांसमोर बोलला म्हणून. राधाकिसन गुरुजी स्वतःच्या चपलांकडे बघत होते. साहेबांनी घड्याळ बघितलं. सर्जेराव माझ्याकडे वळले. म्हणाले, बाई, तुम्ही खुशीनं लिहून द्या, घरच्या अडचणीमुळं हे पद नको म्हणून. मी म्हटलं, माझ्या घरी मी एकटी आहे, अडचण कुणाची लिहू? लोक हसले. मी विचारलं, झोळ्यांचं काय? ते म्हणाले, "आता बाई, झोळ्या काय कुणी खाऊन राह्यलं का? टांगा की नव्या शाळेत. गुरुजी काय न्हाई म्हणतेत?" गुरुजींनी मान हलवली. साहेब म्हणाले, असं असेल तर आजच मिटवून टाकू. मी लिहून दिलं. मला वाटलं, खुर्ची त्यांना जाऊ दे, झोळ्या मला राहू देत. झोळ्या टांगायच्या की नाही हे खुर्चीत बसणाराच ठरवतो, हे मला कळायला हवं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. जूनमध्ये आपण मुलांच्या शाळेत गेलो. पहिल्याच आठवड्यात मुलांनी लेकरांच्या रडण्याच्या नकला केल्या. गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मला तुमचं पटतं. पण तपासणीला साहेब आले अन् त्यांना हे दिसलं, तर विचारणार मला. मुख्याध्यापक मी आहे." ते वाईट माणूस नाहीत, कांता. घाबरट आहेत, आणि आता घाबरण्यासारखं पद त्यांच्याकडे आहे. त्यांनी वर्गात सांगितलं, उद्यापासून लेकरं घरी ठेवून या. तू वर बघितलंस, गुरुजींकडे नाही, माझ्याकडे. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली आल्या नाहीत. पण पुढच्या आठवड्यात सगळ्या परत आल्या, मोकळ्या हातांनी. मला वाटलं, आयांनी काहीतरी व्यवस्था केली असेल. दुष्काळ सरला, म्हाताऱ्या घरी असतात, कुणी सांभाळत असेल. मला तसं वाटायला हवं होतं म्हणून तसं वाटलं. रोज एक मुलगी गैरहजर असे. रोज वेगळी. मी तिला दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात उभं करी. तुलाही केलं. कारण विचारलं तर तू म्हणालीस, "असंच बाई." तुम्हा सगळ्यांचं तेच उत्तर होतं. आणि आदल्या दिवशीचा धडा मात्र गैरहजर मुलीला बरोबर येत असे. मी त्याचंही नवल केलं नाही.

तुम्ही लेकरं आपल्या जुन्या शाळेत ठेवत होता. बंद खोलीला कुलूप होतं म्हणून पुढच्या पडवीत. रोज एकीचा नंबर. बाकीच्या शाळेत यायच्या, आणि संध्याकाळी पडवीत बसून तिला शिकलेलं सांगायच्या. हे सगळं तू ठरवलंस, मला इंद्रायणीनं नंतर सांगितलं. तुझ्या घरचं लेकरू त्यात नव्हतं. तरी तू तुझा नंबर घेत होतीस आणि दुसऱ्या दिवशी माझ्या कोपऱ्यात उभी राहत होतीस.

आता कड्यांचं सांगते. हे तुला बिलकुल माहीत नाही. खोली उघडी असती तरी तुम्हाला तुळईला झोळ्या बांधता आल्या नसत्या. सामान हलवताना गुरुजींनी त्या कड्या उपटून आणल्या. नव्या शाळेत घंटा टांगायला कडी पाहिजे होती. एका कडीला आता घंटा आहे. बाकीच्या त्यांच्या टेबलाच्या खणात पडून आहेत. मी बघितल्या. म्हणून तुम्ही पडवीच्या वाशाला झोळ्या बांधल्या. हात तिथंच पुरत होते. त्या वाशाला आतून वाळवी लागली होती. बाहेरून तो चांगला दिसतो. मी दहा वर्षं त्याच्याखालून ये-जा केली, मलाही कधी कळलं नाही. तुझी गाठ सुटली नाही, कांता. म्हस्कूनं मला धर्माची झोळी दाखवली. गाठ तशीच आहे. वाशाचा तुकडा तिच्यात अडकून आहे.

त्या दिवशी पाऊस होता आणि नंबर तुझा होता. मी तिसरीला वाचायला लावलं होतं. तू दारात आलीस, गुडघ्यापर्यंत चिखल, पदरासारखी ओढणी लेकराभोवती. गुरुजींनी वर बघितलं आणि म्हणाले, "झालं? पुन्हा आणलं? लेकरू घरी ठेवून ये, कांता." तू तशीच उभी राहिलीस. मग मी त्याचं डोकं बघितलं.

गावातले लोक विचारतात, ती पोरगी लेकराला त्याच्या आईकडे का घेऊन गेली नाही. आसराबाई शेतात होती, पण ते कारण नाही. तू शाळेत आलीस. काही झालं तर शाळेत यायचं, असं तुला वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. फक्त तुला सांगते.

बैलगाडीनं केदारखेड्यापर्यंत आणि तिथून मालमोटारीनं जालन्याला आम्ही गेलो. म्हस्कू, आसराबाई आणि मी. दवाखान्यात पोचलो तेव्हा धर्मा होता. दिवस मावळताना नव्हता. आसराबाईनं मला एकच विचारलं, "पडल्यावर रडला का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "कांताला इचारा. ती सांगंल बराबर." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला फक्त हवं होतं की कुणीतरी तिला सांगावं. कधीतरी तू तिच्यापाशी जाशील तेव्हा सांग. आत्ता नको.

आम्ही परत आलो तोवर गावानं ठरवून टाकलं होतं. पोरगी खेळत होती. पोरगी झोपली होती. त्या वस्तीतल्या पोरीच्या हातात लेकरू दिलंच कसं. म्हस्कू मेंढरं घेऊन जातो आणि उशिरा येतो. इंद्रायणी शाळेत येत नाही. बाकीच्या मुलीही येत नाहीत. एकही मुलगी येत नाही, मी तिसरी आणि चौथीला एकत्र बसवून मुलांना शिकवते. पाचवीचा वर्ग मंजूर झाल्याचं कळलं आहे. त्यात एकही मुलगी नसेल.

राधाकिसन गुरुजींनी वर कळवलं आहे. त्यांनी लिहिलेलं मी वाचलं: मुलींनी शिक्षकांच्या नकळत, आपल्या मनानं, बंद इमारतीत झोळ्या बांधल्या, घटनेच्या वेळी पुंजारामची मुलगी कांता लेकरांजवळ होती. यातला एकही शब्द खोटा नाही. मी दोनदा वाचलं आणि माझ्या ध्यानात आलं की हे असंच राहिलं तर यात दोष असलेलं एकच माणूस उरतं आणि ते बारा वर्षांचं आहे. साहेबांनी घड्याळ बघितलं ते यात नाही. सर्जेराव नाहीत, कड्या नाहीत, माझी सही नाही. खरं लिहिलंय आणि त्यात फक्त तू आहेस.

चौकशीला साहेब मंगळवारी येणार आहेत. त्यांना तुझ्याकडून ऐकायचं आहे, म्हणून तुझे वडील सोमवारी तुला घेऊन निघतील. साहेबांना द्यायचा माझा जबाब मी लिहून ठेवला आहे. त्यात मी लिहिलं आहे की लेकरं जुन्या शाळेच्या पडवीत ठेवा, वाशाला झोळ्या बांधा, रोज एकीनं थांबा, हे मुलींना मी सांगितलं होतं. मुख्याध्यापकांनी मनाई केल्यावर, त्यांना न कळवता, माझ्या जबाबदारीवर सांगितलं होतं. गुरुजींना मी तो दाखवला. त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे खरं न्हाई." मी म्हटलं, मग खरं काय ते तुम्ही लिहा, चावडीपासून. त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. गावाला हे पटायला वेळ लागणार नाही. माझ्याबद्दल असं काही ऐकायला ते तयारच बसले आहेत. तुझ्या वडिलांना मी विचारलं, कांताकडे काही दोष नाही असं साहेबांनीच सगळ्यांदेखत सांगितलं तर? ते म्हणाले, "मंग कशाला उजवतो बाई. मंग धाडतो की शाळंत." त्यांनी शब्द दिला आहे. पाचवीचं त्यांना मी सांगितलं नाही, ते तू सांग.

पण माझं एकटीचं म्हणणं पुरणार नाही. साहेब तुला समोर उभं करून विचारतील, झोळ्या तिथं बांधायला कुणी सांगितलं? तू खरं सांगशील. तुला मीच ते शिकवलं, फळा पुसायच्या आधी रोज म्हणून घेतलं. कोपऱ्यात उभी राहिलीस तेव्हाही तू खोटं बोलली नाहीस, फक्त गप्प राहिलीस. आता गप्प राहून चालणार नाही, कारण गप्प राहिलं की लोक हवं ते समजतात. म्हणून हे पत्र. यात अभ्यास आहे असं मी तुझ्या वडिलांना सांगितलं, ते खोटं नव्हतं. अभ्यास एका वाक्याचा आहे. मामाच्या घरी कुणी नसेल तेव्हा मोठ्यानं म्हण, आवाज कापायचा थांबेपर्यंत म्हण: "बाईंनी सांगितलं होतं." त्याच्यापुढं एक शब्दही नको. माझ्याकडे बघू नकोस, साहेबांकडे बघून म्हण. नंतर मी शाळेत दिसले नाही तर माझी वाट बघू नकोस आणि मला शोधायलाही येऊ नकोस. पाचवीत जाऊन बस. वाक्य पाठ झालं की हा कागद चुलीत घाल.

तुझीच,
अजून मंगळवारपर्यंत तरी,
बाई